राखेतला किरणोत्सार मोजा आणि तो आकडा आम्हाला सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
मुंबई

महोदय,


कोळशाचा रेक वीज केंद्रात लागला की पहिले काम नमुने काढण्याचे. वाघिणींतून घेतलेला कोळसा कुटायचा, चाळायचा, ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे आणि पुन्हा कुटायचा. असे करत करत हजारो टनांचा माल शेवटी प्रयोगशाळेतल्या एका लहान डब्यात येतो. तिथे त्याचा ओलावा पाहतात, उष्मांक काढतात, आणि एखाद-दोन ग्रॅम भुकटी बशीत घालून ८१५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात. जे जळत नाही ती राख. हे काम काटेकोरपणे होते, कारण कोळशाची प्रत आणि त्याचे बिल त्यावरच ठरते.

त्या बशीत उरलेल्या राखेत युरेनियम किती, थोरियम किती, रेडियम किती, हे मात्र या तपासणीत येत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी जी कडक मानके काढली, त्यांत धूलिकण आहेत, सल्फर डायऑक्साइड आहे, नायट्रोजनची ऑक्साइडे आहेत, पारा आहे, पाण्याचा वापरसुद्धा आहे. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके मोजायला सांगितली आहेत. शिसे, आर्सेनिक आणि निकेल त्यांत आहेत. किरणोत्सार या दोन्ही याद्यांत नाही. माझी मागणी एवढीच आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक औष्णिक वीज केंद्राच्या कोळशातला आणि राखेतला नैसर्गिक किरणोत्सार ठरावीक काळाने मोजला जावा, आणि आलेला आकडा, तो कितीही लहान असो, लोकांसमोर ठेवला जावा.

मी नागपुरात पदार्थविज्ञान शिकवते. लोकांना घाबरवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. उलट, या विषयावर जे बोलले जाते त्यातले बरेचसे चुकीचे किंवा अर्धवट असते, आणि ते दुरुस्त करायला हाताशी आपल्या मातीतले, आपल्या कोळशाचे, तारीख-वार छापलेले आकडे नसतात, याची मला फार तळमळ वाटते.

आधी कोळशाबद्दल. जमिनीत जे आहे तेच कोळशात आहे: युरेनियम-२३८ आणि त्याच्या विघटनातून निघणारी रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशी मालिका, थोरियम-२३२ आणि त्याची मालिका, आणि पोटॅशियम-४०. अणुकिरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने जगभरच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी पाहिली तर किलोभर कोळशात युरेनियम-२३८ चे सुमारे २० बेक्वेरेल, थोरियम-२३२ चे २० आणि पोटॅशियम-४० चे ५० येतात. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. साध्या मातीत हेच आकडे अनुक्रमे ३५, ३० आणि ४०० च्या आसपास असतात. म्हणजे वाघिणीतला सरासरी कोळसा जगातल्या सरासरी मातीहून सौम्यच ठरतो.

प्रश्न भट्टीनंतर सुरू होतो. कार्बन जळून वायू होतो आणि चिमणीतून निघून जातो. युरेनियम, थोरियम, रेडियम जळत नाहीत. आमटी आटली की मीठ होते तेवढेच राहते, पण प्रत्येक पळीत ते जास्त येते. तसे हे आहे. हिशेब सोपा आहे. किलोभर कोळशात रेडियमचे २० बेक्वेरेल असतील आणि त्या कोळशात राख ४० टक्के असेल, तर किलोभर राखेत ५० बेक्वेरेल येतील. त्याच कोळशात राख फक्त १० टक्के असती, तर २०० आले असते.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण परदेशातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उचलले जातात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तिथल्या इलिनॉय, ॲपलेशियन आणि पावडर रिव्हर या तीन खोऱ्यांतल्या कोळशाचा आणि राखेचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही राखेत मूळ कोळशाच्या दहा पटींपर्यंत आणि साध्या मातीच्या पाच पटींपर्यंत किरणोत्सार आढळला. आपला गोंडवाना कोळसा राखेने भरलेला असतो. ३५ ते ४५ टक्के राख ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट. राख ४० टक्के असेल तर एकूण राखेत अडीच पटींहून जास्त वाढ होणे गणितातच बसत नाही. किलोमागे आपली राख त्यामुळे तुलनेने सौम्य निघते. पण राखेचे ढीग त्याच कारणाने डोंगराएवढे होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार २०२१-२२ या एका वर्षात देशातल्या औष्णिक केंद्रांतून २७ कोटी टनांहून अधिक राख निघाली.

शिवाय कोळसा बदलला की हे गणित बदलते, आणि कोळसा सतत बदलत असतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वणी-बल्लारपूर-उमरेडच्या खाणींचा कोळसा वेगळा, महानदी कोलफिल्ड्सचा ओडिशातून येणारा वेगळा, छत्तीसगडचा वेगळा, वॉशरीतून धुऊन आलेला आणखी वेगळा. लांबच्या केंद्रांना ३४ टक्क्यांहून कमी राखेचाच कोळसा द्यावा, ही २०१४ ची अट केंद्र सरकारने मे २०२० मध्ये काढून टाकली. मे २०२२ मध्ये टंचाई आली तेव्हा दहा टक्के आयात कोळसा मिसळण्याचे आदेश निघाले. इंडोनेशियाच्या कोळशात राख फार कमी असते. त्याच्यात किरणोत्सारी द्रव्य थोडेच असले तरी जी काही राख उरते तिच्यात ते सगळे गोळा होते. म्हणजे एखाद्या वर्षी कुणीतरी पाच-सहा नमुने मोजले आणि सगळे ठीक आहे असा निर्वाळा दिला, तर तो निर्वाळा त्या वर्षीच्या त्या कोळशापुरता असतो.

आता आकडा कसा सांगावा, याबद्दल. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. सगळे संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला चाळीस हजार टनांच्या वर कोळसा लागतो. टनामागे दीड-दोन ग्रॅम युरेनियम धरले तर रोज साठ ते ऐंशी किलो युरेनियम या केंद्रात कोळशाबरोबर येते आणि जवळजवळ सगळे राखेबरोबर बाहेर पडते. एवढेच वाक्य कुणी बातमीत छापले तर चंद्रपूरकरांची झोप उडेल. त्याच्या शेजारी दुसरे वाक्य छापलेच पाहिजे: साध्या मातीच्या प्रत्येक टनातही दोन-तीन ग्रॅम युरेनियम असते. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि लोकांना दोन्ही सांगणे हे मंडळासारख्या संस्थेचे काम आहे.

सगळी द्रव्ये एकाच वाटेने जात नाहीत, हेही मोजणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे. थोरियम आणि रेडियम बहुतांशी राखेच्या कणांतच अडकून राहतात. शिसे-२१० आणि पोलोनियम-२१० यांचे तसे नाही. भट्टीच्या उष्णतेत त्यांची वाफ होते, आणि वायू थंड होऊ लागला की ती राखेच्या कणांवर जाऊन बसतात. कण जितके बारीक, तितके त्यांचे वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, म्हणून बारीक कणांवर ती अधिक जमतात. चिमणीआधी विजेच्या भाराने राख पकडणाऱ्या ईएसपी यंत्राच्या पहिल्या कप्प्याच्या, म्हणजे फील्डच्या, हॉपरात जाडसर राख पडते आणि शेवटच्या फील्डच्या हॉपरात सगळ्यांत बारीक. जे ईएसपीतूनही निसटून चिमणीवाटे हवेत जाते, ते तर त्याहून बारीक आणि फुप्फुसात खोलवर जाणारे. म्हणून राखेच्या ढिगातून फावडेभर नमुना उचलून भागणार नाही. शेवटच्या हॉपरातली राख वेगळी मोजावी लागेल, आणि तिच्यात शिसे-२१० वेगळे शोधावे लागेल. शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे बावीस वर्षे आहे. आज जमिनीवर बसलेले शिसे-२१० एका पिढीत संपत नाही.

या विषयावरच्या गैरसमजांचे मूळ एका चांगल्या शोधनिबंधात आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात कोळशाच्या आणि अणुऊर्जेच्या केंद्रांतून हवेत सुटणाऱ्या उत्सर्जनाची तुलना केली. राखेतला एक टक्का चिमणीतून निसटतो असे धरून त्यांनी दाखवले की आसपासच्या लोकांना मिळणारी किरणोत्साराची मात्रा कोळशाच्या केंद्राकडूनही अणुकेंद्राइतकी किंवा त्याहून जास्त असू शकते. दोन्ही मात्रा फारच लहान होत्या. पण तीस वर्षांत या निष्कर्षाचे रूप इतके पालटले की २००७ मध्ये एका नामांकित विज्ञान मासिकाच्या मथळ्यात कोळशाची राख अणुकचऱ्याहून जास्त किरणोत्सारी ठरली. अणुभट्टीतून काढलेले वापरलेले इंधन किलोला किलो ठेवून पाहिले तर राखेपेक्षा कोट्यवधी पटींनी किरणोत्सारी असते. तो मथळा आजही मराठी व्याख्यानांत आणि निवडणुकीच्या सभांत ऐकू येतो. अणुऊर्जेचे समर्थक तो वापरतात आणि कोळशाचे विरोधकही. तो खोडून काढताना माझ्या हाती चंद्रपूरची किंवा कोराडीची, दर तिमाहीला छापली जाणारी साधी नोंदही नसते.

आकडे वेळेवर समोर नसले की काय होते ते पंजाबने पाहिले आहे. २००९ मध्ये फरीदकोट-भटिंडा भागातल्या अपंग मुलांच्या केसांत युरेनियमचे प्रमाण जास्त असल्याच्या बातम्या आल्या. संशय लगेच भटिंड्याच्या औष्णिक केंद्रांच्या राखेवर गेला, आणि परदेशी वृत्तपत्रांनीही तो उचलून धरला. पुढे अणुऊर्जा विभागाच्या शास्त्रज्ञांनी कोळसा आणि राख तपासली, तेव्हा राखेतले युरेनियम काही विशेष नव्हते. पंजाबच्या माळवा भागातल्या भूजलात मात्र युरेनियम जास्त आहे आणि ते बहुतांशी तिथल्या गाळाच्या थरांतून येते, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे येत गेले. मधल्या काळात ज्या आईबापांनी आपल्या मुलांच्या दुखण्याचे कारण शेजारच्या चिमणीत पाहिले, त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटते. राखेचे मोजमाप आधीपासून दरवर्षी छापले जात असते, तर शोध कदाचित पहिल्या दिवसापासून विहिरींच्या दिशेने गेला असता.

मोजणे अवघड आहे का? नाही. वेळ लागतो, एवढेच. राख ११० अंशांना वाळवायची, चाळायची, वजन करून प्लास्टिकच्या डब्यात भरायची. तीनेकशे ग्रॅम पुरतात. डब्याचे झाकण ॲरल्डाइटने पक्के बंद करायचे, कारण रेडियमपासून तयार होणारा रेडॉन हा वायू आहे आणि फट राहिली तर तो निसटतो. मग तो डबा सुमारे चार आठवडे तसाच ठेवायचा. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असल्याने तेवढ्या काळात रेडियम, रेडॉन आणि त्यापुढची द्रव्ये समतोलात येतात. त्यानंतर तो शिशाच्या जाड भिंतींच्या आत डिटेक्टरजवळ ठेवून रात्रभर गॅमा किरण मोजायचे. चांगल्या प्रयोगशाळेत यासाठी द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेला अतिशुद्ध जर्मेनियमचा डिटेक्टर असतो. महाविद्यालयांत सोडियम आयोडाइडचा. सकाळी पडद्यावर वर्णपट दिसतो. डावीकडून उजवीकडे उतरत जाणाऱ्या आलेखावर ठरावीक जागी टोके वर आलेली असतात. ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे टोक बिस्मथ-२१४ चे, म्हणजे रेडियमची खूण. १४६१ चे पोटॅशियमचे. पार उजव्या टोकाला, जिथे दुसरे काहीच नसते तिथे, २६१४ वर थॅलियम-२०८ चे एकटे टोक, ते थोरियमचे. विद्यार्थ्यांना ते टोक दाखवताना मला दरवेळी तितकाच आनंद होतो. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या अणूंची पावती समोर उमटलेली असते. मग रिकामा डबा तसाच मोजून पार्श्वभूमी वजा करायची, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहायचे, आणि उत्तर त्रुटीच्या मर्यादेसह लिहायचे: किलोला इतके बेक्वेरेल, अधिक-उणे इतके.

त्रुटीच्या मर्यादेशिवाय छापलेला आकडा मी विद्यार्थ्यांकडून घेत नाही, आणि मंडळानेही कंत्राटदार प्रयोगशाळेकडून घेऊ नये.

भारतात ही मोजणी झालेलीच नाही असे मुळीच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकापासून भारतीय कोळसा आणि राख मोजली आहे; यू. सी. मिश्रा यांनी २००४ मध्ये या कामाचा आढावा घेतला होता. अनेक विद्यापीठांतले शोधनिबंध आहेत. त्यांतून दिसते ते बहुतांशी दिलासा देणारेच आहे. नैसर्गिक युरेनियम-थोरियम मालिकांसाठी किलोला १००० बेक्वेरेल ही जी पातळी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था नियमनासाठी वापरते, तिच्यापेक्षा आपली राख बरीच खाली राहते. पण शोधनिबंध ग्रामपंचायतीच्या फलकावर लागत नाहीत. ते इंग्रजीत असतात, त्यांतले नमुने एखाद्या वेळचे असतात, आणि नमुना नेमका कोणत्या संचाचा, कोणत्या खाणीच्या कोळशाचा, हे बऱ्याचदा कळत नाही.

राख आता फक्त बंधाऱ्यात पडून राहत नाही, म्हणून हे सगळे जास्त महत्त्वाचे झाले आहे. १९९९ च्या अधिसूचनेपासून सरकार राखेच्या वापराचा आग्रह धरत आले आहे आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला. मी या धोरणाच्या बाजूने आहे. शेतातली सुपीक माती खरवडून भाजलेल्या विटांपेक्षा राखेच्या विटा बऱ्या, आणि बंधाऱ्यात साचलेल्या राखेपेक्षा सिमेंटमध्ये बांधलेली राख कितीतरी बरी. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. चंद्रपूरजवळच्या घुग्घुस रस्त्याला उभे राहिले तर राख वाहणारे टँकर, म्हणजे बल्कर, एकामागून एक जाताना दिसतात. ती राख आज यवतमाळच्या, वर्ध्याच्या घरांच्या भिंतींत आहे. भिंतीजवळ माणूस आयुष्याचा मोठा भाग घालवतो.

इथे आपल्या भूगोलाची एक गोष्ट लक्षात घ्यावी. बांधकाम साहित्याचे मूल्यमापन करताना रेडियमच्या आकड्यात थोरियमचा १.४३ पट आणि पोटॅशियमचा ०.०७७ पट मिळवतात. बेरीज ३७० च्या आत असेल तर साहित्य चालते. समजा, एखाद्या राखेत रेडियम ८०, थोरियम १०० आणि पोटॅशियम ३०० बेक्वेरेल निघाले. बेरीज येते २४६. राख पास. युरोपीय संघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या निर्देशांकाने हिशेब केला तर ०.८७ येतो, मर्यादा १ ची. तरीही पास. विटेत तर राखेबरोबर वाळू, चुना, सिमेंटही असते, म्हणजे आकडा आणखी खाली येतो. इतपत सगळे ठीक आहे. पण महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला आहे, आणि बेसॉल्ट हा युरेनियम-थोरियमच्या बाबतीत फार गरीब खडक; त्यात युरेनियम दशलक्ष भागांत सहसा एक भागसुद्धा भरत नाही. काळ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला भिंतींकडून जो किरणोत्सार मिळत होता, त्याच्या तुलनेत राखेच्या भिंतींचा जास्त असणार, मर्यादेच्या आत असला तरी. ही वाढ धोकादायक आहे असे मी म्हणत नाही. जगात माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सार मिळतोच, आणि केरळच्या चवराच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे त्याच्या कितीतरी पट मिळतो. पण जगाच्या सरासरी मातीशी तुलना करून काही फरक नाही असे सांगणे बेसॉल्टवर राहणाऱ्यांना लागू पडत नाही. आपली तुलना आपल्या दगडाशी व्हायला हवी.

रेडॉनच्या बाबतीत राख थोडी चांगली वागते. भट्टीत कण वितळून काचेसारखे गोल होतात आणि त्यांच्या आत तयार झालेला रेडॉन बहुतांशी तिथेच अडकून राहतो. मातीतून जितका सुटतो त्याच्या अगदी थोडा भागच राखेतून सुटतो. त्यामुळे रेडियम जास्त म्हणून घरात रेडॉनही त्याच प्रमाणात जास्त, असा सरळ हिशेब करता येत नाही. हेही लोकांना सांगायला हवे.

खत कारखान्यांतून निघणाऱ्या फॉस्फोजिप्समचा बांधकामात वापर करताना अणुऊर्जा नियामक मंडळाने रेडियमची मर्यादा घातलेली आहे. मग राखेबद्दल निदान नियमित मोजणी तरी का नको?

आता राखेच्या बंधाऱ्यांकडे येते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावला राख टाकणे तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांना थांबवायला लावावे लागले होते. ज्यांच्या वावरात राखड बसली, त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते: यात पीक येईल का, जनावरांनी हे पाणी प्यावे का, विहिरीचे काय. शास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या विहिरींना किरणोत्सारापेक्षा आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉनची चिंता जास्त असावी. ही द्रव्ये राखेतून पाण्यात सहज उतरतात, रेडियम तितके उतरत नाही. पण सहज उतरत नाही हे वाक्यही त्या गावातल्या विहिरीचे पाणी तपासूनच म्हणायला हवे. त्यासाठी नवे मानक शोधायला नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण अल्फा किरणोत्सारासाठी लिटरला ०.१ आणि बीटासाठी १ बेक्वेरेल ही मर्यादा कधीचीच आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्यात किंग्स्टन इथे २२ डिसेंबर २००८ ला असाच बंधारा फुटला होता, खसाळ्याहून खूप मोठा. पुढच्याच वर्षी तिथल्या राखेतल्या रेडियम-२२६ आणि रेडियम-२२८ यांची बेरीज प्रसिद्ध झाली. आपल्या एककात किलोला सुमारे ३०० बेक्वेरेल. तिथे साफसफाईचे काम केलेल्या कामगारांचे खटले पुढे वर्षानुवर्षे चालले. राख कशाने बाधते, किती बाधते, यावर न्यायालयात वाद झाले, पण निदान राखेत काय आहे हा आकडा वादाआधी टेबलावर होता. खसाळ्यात, नांदगावात, किंवा उद्या आणखी कुठे बंधारा फुटला तर आपल्याकडे तो असायला हवा.

किरणोत्सार हा मंडळाचा विषय नाही, तो अणुऊर्जा नियामक मंडळाचा आहे, असे उत्तर कदाचित येईल. अणुभट्ट्या आणि एक्स-रे यंत्रे त्यांच्याकडे, हे मान्य. पण औष्णिक केंद्राला चालवण्याचे संमतीपत्र आपले मंडळ देते; जल आणि वायू प्रदूषणाच्या कायद्यांखाली त्यात अटी घालण्याचा अधिकार आपला आहे. राखेच्या विल्हेवाटीच्या अटी त्यात असतातच. त्यांत एक अट वाढवणे आपल्या हातात आहे, आणि आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी नियामक मंडळाचा सल्ला घ्यायला कुणाची आडकाठी असणार नाही. दोन्ही कार्यालये मुंबईतच आहेत.

अट कशी असावी हे मी सुचवते. केंद्राची प्रयोगशाळा रोज कोळशाचा नमुना घेतेच. त्यातला थोडा भाग बाजूला ठेवून तीन महिन्यांचा एकत्रित नमुना करावा, खाणीच्या नावानिशी. आयात कोळसा वेगळा ठेवावा. राखेचे तीन नमुने घ्यावेत: बॉटम ॲश, पहिल्या फील्डची आणि शेवटच्या फील्डची फ्लाय ॲश. मोजणी वीज केंद्राच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत न होता बाहेर व्हावी. मुंबईत आणि राज्यातल्या काही विद्यापीठांत ही सोय आहे. काही नमुने मुद्दाम दोन ठिकाणी पाठवून ताडून पाहावेत. बंधाऱ्याभोवतालच्या विहिरींची अल्फा-बीटा तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करावी. राखेच्या विटांचे नमुने थेट विक्रेत्याकडून विकत घेऊन मोजावेत, कारण विटेत राखेचे प्रमाण कागदावर एक आणि साच्यात दुसरे असू शकते. जे कामगार सायलोखाली बल्कर भरतात, जे हॉपर साफ करतात, त्यांच्या कामाच्या जागेची धूळही यात यावी. त्यांना सिलिकाचा धोका किरणोत्सारापेक्षा मोठा आहे हे मला ठाऊक आहे. दोन्ही एकाच फिल्टर कागदावर मोजता येतात.

आणि हे आकडे मराठीत छापावेत. केंद्राच्या दारावर हवेच्या आकड्यांचा फलक असतो, त्याच्या शेजारी. दुर्गापूर, खसाळा, नांदगाव, खापरखेडा, दीपनगर, एकलहरे, परळी इथल्या ग्रामपंचायतींत आणि नगरपरिषदांत. आकडा, त्रुटीची मर्यादा, नमुन्याची तारीख, प्रयोगशाळेचे नाव आणि शेजारी जवळच्या शेतातल्या मातीचा आकडा. यातले कुठलेही काम करायला नवे यंत्र विकत घ्यावे लागणार नाही.

पहिल्या तिमाहीचा तक्ता आला की आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याच नमुन्यांची समांतर मोजणी करून द्यायला मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत, विनामूल्य. आमचा डिटेक्टर सोडियम आयोडाइडचा आहे, त्यामुळे शिसे-२१० आम्हाला जमणार नाही. रेडियम, थोरियम आणि पोटॅशियम जमेल. नमुने किमान तीनशे ग्रॅमचे आणि वाळवलेले पाठवावेत.

आपली विश्वासू,
पदार्थविज्ञानाची एक शिक्षिका
नागपूर